लेडीबॉवरमधून चर्चचा मनोरा वर येत नाही
पाण्यातून डोकावणाऱ्या चर्चच्या मनोऱ्याचा जुना फोटो फिरतोय, सोबत लिहिलंय की दुष्काळात इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या लेडीबॉवर धरणातून बुडालेलं डरवेंट गावचं चर्च पुन्हा वर आलं. असं होऊच शकत नाही. धरण १९४३ ते ४५ मधे भरलं, मनोरा तेवढा उभा ठेवला होता पण लोक पोहत तिकडे जायला लागले म्हणून डिसेंबर १९४७ मधे तो सुरुंग लावून पाडला, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. पाणी खूप उतरलं तर डरवेंट हॉल या गावातल्या जुन्या वाड्याचे अवशेष, भिंतींचे दगड दिसतात तेवढेच. गावचा जुना दगडी पूल तर दगड सुटे करून खोऱ्यात वरच्या बाजूला स्लिपरी स्टोन्स या जागी पुन्हा बांधलाय आणि चर्चच्या आवारातले मृतदेह काढून जवळच्या बॅमफर्ड गावात पुरले. लोकांची घरं गेली हो तिथे, त्यांच्या गावाबद्दल खरं तेच पुढे पाठवा प्लीज.