मावशीच्या हॉलमधला बल्ब आणि ‘सात सोनेरी नियम’

गेल्या आठवड्यात कराडहून मावशीचा फोन आला. “अरे, कॅमेरा बसवला मी. तुझी वाट बघत बसले असते तर दिवाळी आली असती.” मी चौदा वर्षं साताऱ्यात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं फिटिंग करतोय, आणि माझ्या सख्ख्या मावशीनं कॅमेरा घेतला तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज वाचून. ‘घराच्या सुरक्षेचे सात सोनेरी नियम’. खाली सही ‘एक निवृत्त पोलीस अधिकारी’. नाव नाही, गाव नाही. हा मेसेज मला याआधी पाच ग्रुपवर आला होता, दोन गिऱ्हाइकांनी वेगळा पाठवला होता. तेव्हा हसून सोडून दिला. आता घरातच शिरला म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

सातातला चौथा नियम आधी घेतो, कारण बाकीच्यांनी पैसे वाया जातील, या एकानं अब्रू जाईल. नियम असा: ‘कंपनीनं दिलेला पासवर्ड बदलू नका, अडचणीच्या वेळी नवा आठवत नाही. तो नातेवाइकांच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकून ठेवा, म्हणजे चार डोळे जास्त लक्ष ठेवतील.’

मावशीनं तो ‘माहेर’ नावाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपात त्रेचाळीस माणसं. त्यातले सात-आठ नंबर कुणाचे, हे तिलाही सांगता येईना. आणि कॅमेरा कुठे? हॉलमध्ये, जिथे ती संध्याकाळी दिवाणावर आडवी होते, साडी गुडघ्यावर घेऊन तेल चोळत बसते.

राजकोटचं प्रकरण आठवतंय का? फेब्रुवारी २०२५. तिथल्या एका प्रसूती रुग्णालयात तपासणीला आलेल्या बायकांचं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूबवर झळकलं आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकलं गेलं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत आपल्या लातूर-सांगलीकडचे तरुणही होते. त्या यंत्रणेचा पासवर्ड काय होता म्हणून पुढे छापून आलं, माहीत आहे? ॲडमिन१२३. ज्या बायका तिथे तपासणीच्या टेबलावर होत्या, त्यांना कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायचा असतो हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं होतं, त्यांनी बहुधा ‘अडचणीच्या वेळी आठवत नाही’ असाच विचार केला असणार.

लोकांना वाटतं, आपल्या घरात काय आहे म्हणून कोण हॅक करेल? अहो, तुम्हाला शोधून कुणी येत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरचे लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं खोकं) आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे हत्यार काय, तर कंपन्यांनी दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी. इंटरनेटवर उघडं दिसेल त्या यंत्रावर ती यादी लावून बघायची, लागली तर आत. रस्त्यानं जाता जाता प्रत्येक दाराची कडी हलवून बघणाऱ्यासारखं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या यंत्रांचा वापर करून अमेरिकेत असा मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास बऱ्याच जणांना उघडेनात.

आमच्या धंद्याची लाजही इथेच सांगून टाकतो. बरेच फिटिंगवाले सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवतात, म्हणजे पुढे तक्रार आली की त्यांना सोपं जातं. पहिली तीन वर्षं मीही तेच केलं. तेव्हा फिटिंगवाला चहा घेऊन निघायच्या आत डीव्हीआरचा पासवर्ड स्वतःच्या हातानं बदला. राउटरमध्ये त्यानं एखादा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट, उघडून ठेवलाय का, हेही विचारा. ठेवला असेल तर बंद करायला लावा. घरच्यांना बघायचं असेल तर ॲपमध्ये ‘शेअर’ असतं. त्यातून मुलाला, सुनेला फक्त बघण्यापुरती परवानगी द्या. किल्ली वाटत फिरू नका.

आता पहिला नियम, ज्यापायी मावशीचे दीड हजार गेले. ‘बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा ३६० अंशांचा कॅमेरा घ्या. वायरिंग नको, माणूस नको, एकात अख्खं घर दिसतं.’ ३६० म्हणजे तो मान फिरवू शकतो. एका वेळी बघतो एकाच दिशेला. खिडकीकडे तोंड असताना मागून दार उघडलं तर त्यानं ते पाहिलेलं नसतं. पण खरी गंमत वेगळीच. होल्डरला बटण असतं! मेमरी कार्डातलं रेकॉर्डिंग मी बसून बघितलं. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू, साडेदहाला बंद. शेवटच्या क्षणी दर दिवशी तेच दृश्य: मालिका संपली, मावशी उठली, पदर सावरत स्विचबोर्डकडे गेली, अंधार. चोरानं रात्री साडेदहाच्या आत, मावशीच्या समोर चोरी केली असती तर ती नक्की रेकॉर्ड झाली असती.

‘८ मेगापिक्सेल घ्या, १०० फुटांवरची नंबरप्लेट वाचता येते’ हा दुसरा नियम. इथे जरा गणित करू, कारण दुकानदारही हेच सांगतात. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू येण्यासाठी चित्रात एका मीटरला २५० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, पडायला हवेत, असा सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकातला आकडा आहे. ८ मेगापिक्सेलचं चित्र आडवं ३८४० पिक्सेलचं. घरोघरी बसतो तो २.८ एमएम लेन्सचा, म्हणजे रुंद बघणारा कॅमेरा १०० फुटांवर साधारण ७५ ते ८० मीटर रुंदीचा पट्टा बघतो. भागा. मीटरला पन्नासच्या आत. गाडीची नंबरप्लेट अर्धा मीटर, म्हणजे अख्ख्या प्लेटला पंचवीसेक पिक्सेल, त्यात दहा अक्षरं-आकडे. वाचा बघू. २ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा याच लेन्सवर चेहरा ओळखण्याइतका स्पष्ट देतो तो तीनेक मीटरपर्यंत, ८ चा जेमतेम सहा. नंबरप्लेटच हवी असेल तर १२ एमएमसारखी लांब लेन्स फाटकावर रोखून लावावी लागते, आणि मग त्यात अंगण दिसत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला मेगापिक्सेल नंतर विचारतो. माणूस आत कुठून येणार, ते आधी. त्या दाराशी, आठ-नऊ फूट उंचीवर, उजेडाकडे तोंड न करता ४ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा पुरतो. पंधरा फुटांवर टांगलात तर टोप्या आणि टक्कल दिसेल. खिडकीच्या काचेआडून लावलात तर रात्री त्याचाच इन्फ्रारेड उजेड काचेवरून परत येऊन चित्र पांढरं होईल.

तिसरा नियम, ‘भारतीय ब्रँड घ्या, तो हॅक होत नाही.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे, आणि ते चांगलंच झालं. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बघूनच घ्या. नाव-गाव नसलेल्या ॲपवर चालणारा नऊशे रुपयांचा कॅमेरा घेऊ नका. पण ‘हॅक होत नाही’ हे कुणी सांगितलं? चाचणी कंपनीच्या यंत्राची झाली, तुमच्या ॲडमिन१२३ ची नाही.

पाचवा: ‘घर तुमचं, कॅमेरा तुमचा, कुठल्याही खोलीत लावा, कुणाला विचारायची गरज नाही.’ गरज आहे. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचं हेच भांडण झालं. एकानं राहत्या भागात कॅमेरे लावले, दुसरा कोर्टात गेला. सहनिवासी माणसाच्या संमतीशिवाय असे कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. सासऱ्यांच्या खोलीत, कामाला येणाऱ्या ताई कपडे बदलतात तिथे कॅमेरा लावायला सांगणारा निवृत्त पोलीस अधिकारी मला तरी भेटलेला नाही.

सहावा नकली कॅमेऱ्याचा, लाल दिवा लुकलुकणाऱ्या. खऱ्या कॅमेऱ्याचा दिवा असा लुकलुकत नाही, आणि हे चोराला तुमच्याआधी माहीत असतं. पुढे चला.

सातवा, ‘स्क्रीनचा मोबाईलवर व्हिडिओ काढून पोलिसांना पाठवा, पुरावा झाला.’ तपासाला मदत होईल, पण कोर्टात चालवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ रेकॉर्डिंगच्या नकलेचं. घटना घडली की पहिलं काम, डीव्हीआर बंद न करता तेवढा भाग पेन ड्राइव्हवर उतरवून घेणं. कारण डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. चार कॅमेरे, प्रत्येकाचं रेकॉर्डिंग २ एमबीपीएस वेगानं, तर १ टीबी डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते. लग्नाला पंधरा दिवस गावाला जाऊन आलात तर पहिले तीन दिवस गेले. डीव्हीआरचं घड्याळही बघत जा. आतला सेल गेला की लाइट गेल्यावर तारीख कुठल्या कुठे जाते.

रविवारी कराडला जाऊन आलो. पुढच्या दारावर एक, मागच्या मोरीकडे एक, दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर. हॉलमध्ये काही नाही. बल्ब काढून दुकानात आणून ठेवलाय. नवा पासवर्ड मावशीनं स्वतः ठरवला, मला पाठ फिरवून उभं राहायला लावलं, आणि देवघरातल्या पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिला. मला अजून तो माहीत नाही.

‘माहेर’ ग्रुपवर जुना तसाच आहे. पुसून टाक म्हटलं, तर म्हणाली, “राहू दे की. आता त्यानं काय उघडतंय?”