सोडलं की सुटलं?

तलावपाळीवर गडकरी रंगायतनच्या बाजूचा कठडा, रात्री साडेआठ. आमची ही जागा बारा वर्षांपासूनची. गुरुवारी शेठ मावसभावाला सोबत घेऊन आला. पोरगा एकोणीस वर्षांचा, एसवाय बीएस्सीला. "ह्याला कॉलेज सोडायचंय. मावशी रोज फोन करून रडते. तुम्हीच बोला काय ते," एवढं म्हणून शेठ चहा सांगायला गेला.

पोरगा गप्प. रेल्वे पासाचं प्लास्टिकचं पाकीट नुसतं उघडत-मिटत बसलेला. मी डोकावलं. ठाणे ते दादर, आणि मुदत ऑगस्टमध्येच संपलेली. आता नोव्हेंबर चालू आहे.

"नवा नाही काढलास?"

"कन्सेशनचा फॉर्म ऑफिसातून घ्यावा लागतो. हजेरीचं विचारतील."

तरी रोज सकाळी सातला डबा घेऊन घरातून निघतो. जातो कुठे? उपवनला. तळ्याकाठच्या बाकावर डबा खातो आणि तीनच्या सुमाराला घरी येतो. आईला वाटतं, पोरगं प्रॅक्टिकल करून दमून आलं.

शेठचं म्हणणं सरळ होतं. "सोडून दे. मी बारावीनंतर सोडलं, जांभळी नाक्यावर दुकान टाकलं, आज तिघांना पगार देतोय. मन नसताना बाकावर बसून काय मिळणार?"

पम्या बँकेत आहे, तो उसळला. "तुझं दुकान मामाच्या गाळ्यात सुरू झालं. ह्याला गाळा कोण देतंय? एमपीएससीची राज्यसेवा घे नाहीतर बँकेची पीओ घे. विषय कुठलाही चालतो, पण पदवी लागतेच. आज कंटाळा आला म्हणून सोडशील आणि पंचविसाव्या वर्षी फॉर्म भरताना हात कपाळाला लावशील."

"सगळ्यांनी काय सरकारी नोकऱ्याच करायच्या?"

दोघांचं अर्धा तास जुंपलं होतं आणि पोरगा दोघांच्या मधून तळ्याकडे बघत होता.

मला राहवलं नाही, कारण माझंही कॉलेज अर्धवट आहे. मी ते सोडलं नव्हतं, ते सुटलं. दुसऱ्या वर्षी दोन विषयांत केटी लागली, म्हणजे ते विषय राहिले, फॉर्मची तारीख गेली, मग पुढच्या सत्राचीही गेली. 'आता नाही जायचं' असं मी एकदाही ठरवलं नाही. चार वर्षं नातेवाइकांना 'चालू आहे' म्हणून सांगत राहिलो. त्या चार वर्षांत मी ना कॉलेजात होतो, ना कामात. शेठने सोडलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी शटर उघडायला त्याच्याकडे जागा होती. ह्या पोराचं माझ्यासारखं चाललंय, सुटत चाललंय. मला त्याची भीती वाटली आणि मी तसं त्याला सांगितलं.

आणि सोडायचंच असेल तर आता रीतसर सोडता येतं, आमच्या वेळी ही सोय नव्हती. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्यानंतर पदविका. त्यासाठी वर्षाचे क्रेडिट्स, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, पुरे करून वर चार क्रेडिट्सचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. पहिल्या वर्षी मिळवलेले क्रेडिट्स एबीसी, म्हणजे क्रेडिट्सच्या बँकेतल्या आपल्या खात्यात जमा होतात, डिजिलॉकरवरून बघता येतात. नोकरी करत शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. आमच्या ताईने बीए तिथूनच केलं, दिवसभर वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगचं काम करून.

ताई तोवर एक शब्द बोलली नव्हती. तिने चहाचा ग्लास बाजूला ठेवला. "झोपतोस किती वाजता?"

"चार... साडेचार."

"क्रिकेट खेळायचास ना रविवारी?"

"जात नाही आता."

"मित्र बोलावत नाहीत?"

"बोलावतात. नको वाटतं."

इथे शेठ आणि पम्या दोघंही थांबले. कंटाळा फिजिक्सचा असता तर रविवारचं क्रिकेट कशाला सुटलं असतं? आम्ही तासभर डिग्री आणि दुकान यावर भांडत होतो आणि हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता. ताई म्हणाली, "दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नाही, झोप नाही, तर आधी डॉक्टरांना दाखवायचं. कॉलेजचा निर्णय त्यानंतर. तापात कोणी घर विकायला काढतं का?"

"म्हणजे ठाण्याला..." पोरगा एवढंच बोलला आणि थांबला.

ठाण्यात वाढलेल्या प्रत्येकाला ते अर्धं वाक्य पुरं करता येतं. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. 'ह्याला ठाण्याला पाठवा' हे अख्ख्या महाराष्ट्राने चिडवायला वापरलं, आम्ही शाळेत एकमेकांना तेच म्हणायचो. त्या एका वाक्यामुळे किती पोरं गप्प बसली असतील, याचा विचार करून मला खरंच वाईट वाटतं. तिथे ओपीडी चालते, लोक सकाळी केसपेपर काढतात, दाखवतात, गोळ्या घेऊन कामावर जातात. आणि तिथवर जायचं धाडस होत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेला, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं.

त्याने नंबर मोबाइलमध्ये घेतला. नाव टाकलं 'झेरॉक्स'. आईने बघितला तर कळू नये म्हणून. ताईने ते पाहिलं, पण काही म्हणाली नाही.

पम्या पुन्हा सुरू झाला, निदान ह्या सत्राचा परीक्षेचा फॉर्म तरी भर, पेपर नंतर बघू. शेठ म्हणाला, आता फॉर्मचं नको काढूस. ते दोघं अजूनही एकमेकांना पटलेले नाहीत.

"पण आईला काय सांगू?" पोराने विचारलं.

"डब्याचं आधी सांग," ताई म्हणाली. "कुठे बसून खातोस ते. बाकीचं त्यानंतर."

तो बराच वेळ पाकिटाची कड नखाने खरवडत राहिला. मग शेठने त्याच्यासमोरच मावशीला फोन लावला. म्हणाला, "मी पण येतोय जेवायला. ह्याच्यासोबतच येतो."