जड इंग्रजी शब्द आणि पाठांतराचा राजमार्ग

ज्यांना इंग्रजी यायला हवे आहे, त्यांनी हा लेख वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. ज्यांना केवळ इंग्रजीतील अवघड शब्द यायला हवेत, अशा चोखंदळ वाचकांसाठी तो आहे. हे दोन्ही वर्ग एकच आहेत असा एक भोळा समज प्रचलित आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतील एखाद्या अभ्यासिकेत दुपारी तासभर बसले की तो आपोआप दूर होतो.

प्रथम अप्पा बळवंत चौकात जाऊन वर्णानुक्रमे शब्द लावलेले एखादे जाडजूड पुस्तक विकत घ्यावे आणि पहिल्या पानापासून पाठ करायला घ्यावे. वर्णानुक्रमाचा फायदा असा की, 'ॲबेट', 'ॲबडिकेट', 'ॲब्जुअर' आणि 'ॲब्रोगेट' ही मंडळी एकाच दिवशी भेटतात आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांचे कपडे घालून हिंडू लागतात. उत्साहाचा पहिला भर 'ए' या अक्षरावरच सरत असल्यामुळे पुढची पाने कोरी करकरीत राहतात व पुस्तक धाकट्या भावंडाला देताना नवे म्हणून देता येते. गिरवलेल्या शब्दांची उजळणी मात्र करू नये. न उजळलेले पाठांतर कसे झपाट्याने विसरते, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते, पण त्याला कोठे स्पर्धा परीक्षा द्यायची होती!

प्रत्येक शब्दापुढे एकच मराठी अर्थ लिहावा, आणि तो शब्द कोणत्या वाक्यात, कोणाविषयी, कोणत्या सुरात येतो याची चौकशी करू नये. 'फ्रुगल', 'पार्सिमोनियस', 'मायझरली' यांतला पहिला कौतुकाचा आणि उरलेले दोघे कंजूषपणाचे असले, तरी तिघांपुढे 'काटकसरी' असे लिहिले की काम भागते. मग सासऱ्यांच्या साध्या राहणीचे इंग्रजीत कौतुक करताना यांपैकी कोणताही शब्द उचलावा, फरक काय तो त्यांना जाणवेल. नोकरीच्या अर्जात स्वतःला 'मेरिटोरियस' म्हणवून घेणे आता फार सामान्य झाले आहे. त्याऐवजी त्याच्यासारखाच दिसणारा 'मेरेट्रिशस' वापरावा. वरून झगमगीत आणि आतून पोकळ, असा त्याचा अर्थ असून लॅटिनमधील त्याचे मूळ वेश्येपर्यंत जाते. पण अर्ज वाचणाऱ्याने तेवढे वाचन केलेले असेलच असे नाही. केलेले असेल, तर निदान अर्ज त्याच्या लक्षात राहील.

येथे काही विघ्नसंतोषी लोक संशोधनाचे दाखले देतात. प्रिन्स्टन विद्यापीठात असताना डॅनियल ओपनहायमर यांनी प्रवेशासाठी लिहिलेली निवेदने घेऊन त्यांतील साधे शब्द काढले, त्या जागी समानार्थी कोशातील लांबलचक शब्द घातले आणि ती लोकांना वाचायला दिली. वाचकांनी त्या लेखकांची बुद्धी कमी प्रतीची ठरवली. या कामाला २००६ साली साहित्याचे इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे पारितोषिक मिळाले, म्हणजे ते हसण्यावारी नेण्यास आपण मोकळे आहोत.

अर्थ लक्षात ठेवण्यासाठी मराठीचा आधार अवश्य घ्यावा. 'लोक्वेशस' म्हणजे बडबड्या. तो 'लोकांत, वेशीवर' बसून गप्पा छाटतो असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. 'पॅल्ट्री' म्हणजे क्षुल्लक, कारण 'पालथ्या' थाळीत काय राहणार? ही युक्ती इतकी प्रभावी आहे की, पुढे अनेक वर्षांनी शब्द आणि अर्थ दोन्ही विसरले तरी वेस आणि थाळी स्पष्ट आठवते.

उच्चारांच्या भानगडीत पडू नये. शब्द कागदावरून आला आहे, तो कागदासारखाच वाचावा. मुलाखतीत 'एपिटोम' आणि 'हायपरबोल' असे ठणकावून म्हणावे. समोरच्याने 'एपिटमी' आणि 'हायपर्बली' असे पुटपुटल्यास तो गोंधळला आहे असे समजून सौम्यपणे हसावे.

आता परीक्षेकडे वळू. अमेरिकेचा धीर केव्हाच सुटला: पदवीनंतरच्या प्रवेशाच्या जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ मध्ये गेले आणि कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेने २०१६ मध्ये दुर्मीळ शब्दांना रजा दिली. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेने परंपरा राखली आहे. तिच्या पहिल्या टप्प्यातील १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे असतात आणि त्यांत 'अनेक शब्दांबद्दल एक शब्द' हा प्रकार हमखास भेटतो. त्याच्या तयारीची यादी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बापाला मारले तर पॅट्रिसाइड, आईला मारले तर मॅट्रिसाइड, भावाला मारले तर फ्रॅट्रिसाइड, राजाला मारले तर रेजिसाइड, बायकोला मारले तर अक्सॉरिसाइड. गावाकडून महिन्याचे पैसे मागवून अभ्यासिकेत बसलेला एखादा गरीब स्वभावाचा मुलगा पहाटे पाच वाजता डोळे मिटून हे सारे गोत्र एकेक करून संपवत असतो, आणि मधूनच कोणाला संपवायचे राहिले म्हणून पान उलटून पाहतो. यादीत खुनांनंतर बहुधा फोबिया येतात, ही क्रमवारी मला मानसशास्त्रीयदृष्ट्या अचूक वाटते. उद्या हाच मुलगा आयकर निरीक्षक झाला, तर त्याच्यापुढे येणाऱ्या करदात्यांत राजा मारणारे किती निघतील, हा प्रश्न विचारून त्याचे मन विचलित करू नये.

छोट्या शब्दांवर वेळ दवडू नका, हे सांगायला हवेच. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या तीन अक्षरांच्या क्रियापदाची होती, आणि 'गेट', 'टेक', 'पुट' हेही मागे एखादे 'अप' किंवा 'ऑफ' जोडले की ओळख देईनासे होतात. हे शब्द रोज लागतात, म्हणूनच ते येण्यात काही प्रतिष्ठा नाही. 'पुट अप' आणि 'पुट अप विथ' यांतला फरक कळत नसेल तर तो नोकरी लागल्यावर पाहता येईल.

आणि नोकरी लागेलच. पहिल्याच आठवड्यात आपल्यापुढे जी नस्ती येईल, तिच्या समासात वरिष्ठांनी 'प्लीज स्पीक' एवढेच लिहिलेले असेल. तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये जावे, ते मराठीत बोलतील ते उभ्याने ऐकून घ्यावे, आणि परत जागेवर येऊन त्याखाली 'डिस्कस्ड' असे लिहून तारखेसह सही करावी.