पाण्यातील प्रसूती: पाण्याचे श्रेय किती, सुईणीचे किती?

एका जोडप्याने आपल्या बाळाच्या जन्माची हकीकत सविस्तर लिहिली. कोमट पाण्याने भरलेला टब, शेजारी प्रशिक्षित सुईण, कोणतेही वेदनाशामक औषध नाही आणि शेवटी आईच्या छातीवर विसावलेले बाळ, असे तिचे स्वरूप आहे. या हकीकतीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ती प्रामाणिकपणे लिहिलेली आहे आणि दोघांचा आनंद खराच आहे. तक्रार आहे ती तिच्यावरून कोणीतरी तयार केलेल्या आणि सध्या फोनवरून फिरत असलेल्या छोट्या मजकुराबद्दल. त्या मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: पाण्यात वेदना होत नाहीत, बाळ नऊ महिने पाण्यातच वाढलेले असल्यामुळे त्याला पाण्यात कसलाही धोका नसतो, योनीमुखाजवळची जागा फाटत नाही, टाके पडत नाहीत, ही प्राचीन पद्धत असून डॉक्टरांनी ती दडपून टाकली, टब आधीच भरून ठेवावा, ऐनवेळी डॉक्टर किंवा रुग्णालय काही लागत नाही, आणि हे कोणत्याही स्त्रीला जमते.

मूळ हकीकतीतले तीन तपशील या मजकुरात आलेले नाहीत. सुईण दर तासाला पाण्यात तापमापक बुडवून पाहत होती, कळ ओसरली की पाण्यात चालणारा डॉप्लर पोटावर ठेवून बाळाचे ठोके मोजत होती, आणि बाळ जन्मल्यावर वार पडण्यासाठी तिने बाळंतिणीला टबाबाहेर येण्यास सांगितले. मजकूर आटोपशीर करणाऱ्याला हे तपशील बिनमहत्त्वाचे वाटले असावेत. माझ्या मते या प्रसूतीत जे सुरक्षित होते ते सगळे याच तीन तपशिलांत होते, आणि मजकुरातला जवळजवळ प्रत्येक दावा ते गाळल्यामुळेच उभा राहू शकला आहे.

सर्वांत गंभीर दावा बाळाच्या श्वासाचा आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. बाळ गर्भजलात वाढते हे खरे, पण तेथे ते पाण्यातून प्राणवायू घेत नाही. त्याचा प्राणवायू वारेतून नाळेमार्फत रक्तात येतो आणि त्याची फुफ्फुसे स्वतःच तयार केलेल्या द्रवाने भरलेली असतात. जन्मानंतर पहिला श्वास सुरू होण्यास चेहऱ्यावर लागणारी गार हवा, स्पर्श आणि नाळेतला रक्तप्रवाह मंदावणे अशा अनेक गोष्टी एकत्रितपणे कारणीभूत होतात. शरीराइतक्या उबदार पाण्यात पूर्ण बुडालेल्या अवस्थेत जन्मलेल्या आणि नाळ अजून धडधडत असलेल्या निरोगी बाळाला यांपैकी बहुतेक इशारे मिळालेले नसतात, म्हणून ते पृष्ठभागावर येईपर्यंत सहसा श्वास घेत नाही. इथपर्यंत मजकुराचे म्हणणे निम्मे बरोबर आहे.

उरलेले निम्मे मात्र धोक्याचे आहे. प्रसूतीदरम्यान ज्या बाळाला प्राणवायू कमी पडला आहे, त्याच्या बाबतीत हा आवर मोडू शकतो. असे बाळ पाण्याखालीच जोराने श्वास ओढू शकते आणि टबातले पाणी फुफ्फुसांत जाऊ शकते. बाळ थकले आहे की नाही हे बाळंतिणीला जाणवत नाही आणि पाण्याकडे पाहून कोणालाच कळत नाही. ते ठोक्यांवरून कळते. म्हणूनच ब्रिटनमधील नाइस या आरोग्यसेवेसाठी सूचना ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे पहिल्या टप्प्यात, म्हणजे गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडेपर्यंत, निदान दर १५ मिनिटांनी आणि कळ देण्याच्या टप्प्यात निदान दर ५ मिनिटांनी, कळ संपल्यावर पूर्ण एक मिनिट ठोके ऐकायचे असतात. ठोके बिघडले तर बाहेर यायचे, त्यावर चर्चा होत नाही. याशिवाय पाण्यात प्रसूती करणाऱ्या सुईणी दोन नियम कटाक्षाने पाळतात. पहिला असा की बाळ पूर्ण पाण्याखाली जन्मावे आणि लगेच, हिसका न देता, वर आणले जावे. ते पाण्याखाली ‘तरंगत’ ठेवून छायाचित्रे काढण्यात काहीही नैसर्गिक नाही. दुसरा असा की डोक्याला एकदा हवा लागली की ते पुन्हा पाण्यात जाऊ द्यायचे नाही. आई मध्येच उठून उभी राहिली आणि डोके हवेत बाहेर आले, तर उरलेला जन्म हवेतच झाला पाहिजे.

हिसका न देण्यालाही कारण आहे. नाळ आखूड असेल किंवा कुठे अडकलेली असेल आणि बाळ झटकन वर ओढले गेले, तर नाळ तुटू शकते, आणि गढूळ पाण्यात ती तुटल्याचे चटकन दिसत नाही. ब्रिटनमधील २६ आरोग्यसंस्थांच्या नोंदींवर आधारलेला ‘पूल’ नावाचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यातल्या जन्मांत नाळ तुटण्याचे प्रमाण बाहेरच्या जन्मांपेक्षा जास्त असल्याचे त्यात आढळले. प्रसंग विरळाच, पण बाळाचे रक्त जाणारा. म्हणून नाळेला लावायचा चिमटा हाताशी असावा लागतो. ‘कसलाही धोका नसतो’ या वाक्यात हा चिमटा कुठे बसवायचा?

वेदनेचा दावा निराळ्या प्रकारे चुकीचा आहे. कोमट पाण्यात शरीराचा भार हलका होतो, स्नायू सैलावतात, कुशीवर वळणे किंवा गुडघ्यांवर येणे सोपे जाते आणि पुष्कळ स्त्रियांना त्याने खराखुरा आराम मिळतो. पण आराम मिळणे आणि वेदनाच न होणे यांत मोठे अंतर आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये १५ चाचण्यांतील ३,६६३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा पहिल्या टप्प्यात पाण्यात बसणाऱ्या स्त्रियांपैकी एपिड्युरलसारखी, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ दिली जाणारी, भूल घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४३ वरून सुमारे ३९ वर आल्याचे दिसले. फरक आहे, पण तो एवढाच आहे. सिझेरियन किंवा उपकरणांनी करायच्या प्रसूतींच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही. वेदनारहित प्रसूतीचे आश्वासन ऐकून टबात उतरलेल्या स्त्रीला जेव्हा कळा असह्य होतात, तेव्हा तिला पाण्याची मर्यादा आठवत नाही, आपलेच काही कमी पडले असे वाटते. आणि मदत मागायला ती उशीर करते. एपिड्युरल हवे असेल तर पाण्यातून बाहेर यावे लागते, आणि गुंगी आणणारे वेदनाशामक इंजेक्शन घेतल्यास नाइसच्या सूचनेनुसार दोन तास पाण्यात उतरता येत नाही. हे आधी सांगितले गेले तर स्त्री स्वतः निवड करू शकते.

जागा फाटण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. वर उल्लेखिलेल्या २०२४ च्या अभ्यासात पहिलटकरणींमध्ये गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणाऱ्या गंभीर जखमांचे प्रमाण पाण्यात शेकडा ४.८ आणि बाहेर ५.३ होते. म्हणजे पाण्याने नुकसान झाले नाही, ही चांगली बातमी. पण पाण्यातही वीसांतल्या साधारण एकीला गंभीर जखम झालीच. लहान जखमा आणि त्यांचे टाके तर याहून पुष्कळ जास्त आढळतात.

‘प्राचीन आणि दडपलेली’ हे वर्णन ऐकायला चांगले असले तरी नोंदी वेगळे सांगतात. वैद्यकीय साहित्यातील अशा प्रसूतीची सर्वांत जुनी सर्वज्ञात नोंद फ्रान्समधील १८०५ सालची आहे. आजच्या स्वरूपातील पद्धतीचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. त्यातले एक प्रमुख नाव म्हणजे मिशेल ओदाँ. हे गृहस्थ डॉक्टर होते, पिथिव्हिए येथील सरकारी रुग्णालयात काम करत होते, आणि पाण्यातील शंभर जन्मांवरचा त्यांचा लेख १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. टब त्यांनी मुळात कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून आणला होता. काही स्त्रियांना त्यातून बाहेर यावेसेच वाटले नाही, आणि जन्म पाण्यात झाले. दडपण्याचा हा प्रकार विलक्षणच म्हणायचा!

‘टब आधीच भरून ठेवावा’ हा सल्ला दिसायला किरकोळ आहे, पण संपूर्ण मजकुरात तो मला सर्वांत बेजबाबदार वाटतो. कोमट, साचलेले पाणी ही लीजिओनेला या जिवाणूच्या वाढीची आवडती जागा आहे आणि नवजात बाळाला त्यामुळे होणारा न्यूमोनिया प्राणघातक ठरू शकतो. इंग्लंडमध्ये २०१४ साली घरी आधीपासून भरून, गरम राखून ठेवलेल्या टबात जन्मलेल्या एका बाळाला हा आजार झाला. त्यानंतर तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने आधी भरून पंपाने पाणी फिरवत ठेवायचे तापते टब घरी वापरू नयेत, असा तातडीचा इशारा दिला. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात २०१६ मध्ये घरी पाण्यात जन्मलेल्या दोन बाळांमध्ये हाच आजार आढळला. टब कळा सुरू झाल्यावरच, स्वच्छ नळीने, ताज्या पाण्याने भरायचा असतो. पाण्याचे तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नसते, कारण आईचे अंग तापले की पोटातले बाळ तिच्याहूनही अधिक तापते आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. तापमापक पुन्हा पुन्हा बुडवून पाहण्याचे कारण हे आहे.

आता डॉक्टर आणि रुग्णालय लागत नाही, या दाव्याकडे वळू. येथे मी मजकुराच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो, आणि ती डॉक्टरमंडळींनीही मान्य करायला हवी. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात एकाच सुईणीने किंवा सुईणींच्या छोट्या गटाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळ केला, तर सिझेरियनचे आणि उपकरणांनी करायच्या प्रसूतींचे प्रमाण कमी होते. कॉक्रेनच्या २०२४ च्या आढाव्यात १७ चाचण्या आणि १८,५३३ स्त्रियांच्या माहितीवरून हे दिसते. पण या चाचण्यांतल्या सुईणी आरोग्यव्यवस्थेच्या आत काम करत होत्या आणि गरज पडली की त्यांच्यामागे रुग्णालय होते. इंग्लंडमधील कमी जोखमीच्या ६४,५३८ स्त्रियांचा प्रसूतिस्थळांविषयीचा २०११ चा अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. घरी प्रसूतीचे नियोजन केलेल्या पहिलटकरणींपैकी शेकडा ४५ जणींना कळा सुरू असताना किंवा प्रसूतीनंतर लगेच रुग्णालयात हलवावे लागले. त्यांच्या बाळांच्या बाबतीत गंभीर प्रसंगांचे प्रमाण दर हजारी ९.३ होते, रुग्णालयात प्रसूती ठरवलेल्या पहिलटकरणींच्या बाबतीत ते ५.३ होते. आधी बाळंतपण झालेल्या स्त्रियांमध्ये हलवण्याचे प्रमाण शेकडा १२ च्या आसपास होते आणि बाळांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. म्हणजे सुईण उत्तम असली, तरी रुग्णालय किती अंतरावर आहे आणि तेथे कोण, कशाने नेणार, हे आधीच ठरलेले असावे लागते.

बाळ बाहेर आल्यावर काम संपले असे मजकूर वाचून वाटते. प्रत्यक्षात आईचा सर्वांत धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो. प्रसूतीनंतर अर्ध्या लिटरपेक्षा जास्त रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव समजला जातो, आणि टबात थोडे रक्तही सगळे पाणी लाल करते, तर पुष्कळ रक्त त्याच पाण्यात लपून जाते. किती गेले याचा अंदाज पाण्याबाहेरच नीट येतो. त्या हकीकतीतल्या सुईणीने वार पडण्यासाठी टबाबाहेर बोलावले, ते योग्यच होते. जन्मताना बाळाचे खांदे अडकले तरी तसेच: आईला ताबडतोब उभे राहावे लागते किंवा बाहेर यावे लागते, आणि ती स्वतः उठू शकत नसेल तर तिला उचलण्याची तयारी आणि माणसे तेथे असावी लागतात.

राहिला ‘कोणत्याही स्त्रीला जमते’ हा दावा. अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या मतानुसार गुंतागुंत नसलेल्या, ३७ आठवडे पूर्ण ते ४१ आठवडे ६ दिवस या काळातील गरोदर स्त्रीला पहिल्या टप्प्यात पाणी देता येईल, पण जन्म पाण्याबाहेर व्हावा. ब्रिटनमध्ये योग्य स्त्रीला जन्मही पाण्यात होऊ देण्याची मुभा आहे, आणि २०२४ च्या अभ्यासानंतर मला ब्रिटनची भूमिका अधिक पटते. परंतु त्या अभ्यासाचे निष्कर्ष कमी जोखमीच्या स्त्रियांचे आणि प्रशिक्षित सुईणींच्या हातचे आहेत, एवढे लक्षात ठेवायला हवे. जुळी बाळे, पायाळू बाळ, मुदतीपूर्वीची प्रसूती, वाढलेला रक्तदाब, ताप, अंगावरून जास्त रक्त जाणे, बाळाने पोटात केलेली घट्ट शी यांपैकी काही असेल तर टब सहसा नाकारला जातो. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या बाळाचे ठोके सतत पाहावे लागतात. त्यासाठी पाण्यात चालणारे यंत्र काही ठिकाणी असते, सगळीकडे नसते.

टब नाकारला गेलेल्या स्त्रीच्या हाती काहीच उरत नाही, असे मात्र नाही. कळांमध्ये चालणे-फिरणे, उभ्याने किंवा गुडघ्यांवर राहणे, विश्वासाचे माणूस सतत जवळ असणे आणि कंबरेवर कोमट पाण्याचा शॉवर घेणे यांतले बरेच काही तिलाही करता येते. कळ देण्याच्या टप्प्यात सुईणीने योनीमुखाजवळ कोमट पाण्यात भिजवलेले कापड धरले, तर गंभीर जखमांचे प्रमाण कमी होते, याला चाचण्यांचा आधार आहे. जखमा टाळण्याच्या बाबतीत तो टबाला असलेल्या आधारापेक्षा भक्कम आहे.