बुद्धिबळ हा खेळ नव्हे, हे गावाला कसं पटवावं

दिवाळी सरते, भात कापून मळे मोकळे होतात आणि क्रीडा महोत्सवाची मीटिंग देवळात बसते. क्रिकेट, कबड्डी, रस्सीखेच, महिलांसाठी संगीत खुर्ची असं सगळं सुरळीत ठरत असताना मुंबईहून आलेला एखादा पोरगा मागून हात वर करतो आणि म्हणतो, "यंदा बुद्धिबळपण ठेवूया." त्या क्षणी तुम्ही गप्प बसलात तर पुढच्या वर्षी तो वाचनालय मागेल आणि त्याच्या पुढच्या वर्षी हिशेब. तेव्हा हे संकट जागच्या जागी कसं परतवायचं, याबद्दल मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी चार समजुतीचे शब्द.

सगळ्यात जुनं आणि बिनखर्चाचं हत्यार म्हणजे घाम. खांबाला टेकून बसलेल्या एखाद्या ज्येष्ठांकडे नुसतं बघा. ते आपणहून म्हणतील, "बसान खेळतत तेका खेळ कसो म्हणाचो? घाम खंय गळता?" सभा हसेल आणि विषय निम्मा संपेल. मात्र ही कसोटी फार ताणू नका. मे महिन्यात आपल्याकडे एसटीची वाट बघत स्टँडवर नुसतं बसलं तरी शर्ट पिळून काढावा लागतो. घामावर पुरस्कार द्यायचे ठरले तर निम्मे अर्जुन पुरस्कार कणकवली डेपोतच वाटावे लागतील.

तो पोरगा वाचणारा असेल तर कार्पोव्हचं नाव काढेल. सप्टेंबर १९८४ मध्ये मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह जगज्जेतेपदासाठी समोरासमोर बसले. जो आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, अशी अट होती. फेब्रुवारी १९८५ उजाडला, ४८ डाव झाले, त्यातले ४० बरोबरीत सुटले, तरी कोणाचेच सहा होईनात. कार्पोव्हचं वजन दहा किलोच्या आसपास उतरल्याचं बोललं जाऊ लागलं आणि शेवटी खेळाडू थकले म्हणून जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी तो सामनाच निकालाविना गुंडाळला. हे ऐकून सभेत क्षणभर शांतता पसरेल. डगमगू नका. "जेवणाची आबाळ झाली असेल. मॉस्कोत बांगडो खंय गावतलो?" एवढंच म्हणा. बांगड्यापुढे कार्पोव्ह टिकत नाही.

मग "शरीर हललं पाहिजे" या मुद्द्यावर या. हा दिसायला भक्कम आहे, पण आजूबाजूला नेमबाज कोणी नाही ना, ते बघून घ्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं आणि आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या प्रकारातलं निम्मं कसब शरीर हलू न देण्यातच आहे. तिकडे न हलणं हा खेळ आणि इकडे विचार करून हलवणं हा टाइमपास, हे सभेत एका दमात सांगता येत नसेल तर विषय कॅरमकडे वळवा. कॅरम आपल्याकडे प्रत्येक वाडीत आहे, त्याला कोणी आक्षेप घेत नाही. तेव्हा नियम असा ठेवा: सोंगटी बोटाने ढकलली तर खेळ, बोटांनी उचलून ठेवली तर टाइमपास. कोणी हसलंच तर तो दुसऱ्या वाडीतला समजावा.

पुढचा प्रश्न ऑलिंपिकचा. पोरगा सांगेल की आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेला १९९९ मध्येच मान्यता दिलीय. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत कोनेरू हम्पीने सुवर्ण आणलं, नंतर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी रौप्य आणलं, हेही सांगेल. तुम्ही शांतपणे विचारा, "पण प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्ये आहे काय?" नाही. बस्स, इथेच थांबा. एक वाक्य जरी पुढे गेलात तरी फसाल, कारण क्रिकेट ऑलिंपिकमध्ये आजवर एकदाच झालं, १९०० साली पॅरिसला, आणि आता थेट २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये परत येतंय. तुमच्या कसोटीने १९८३ चा लॉर्ड्सवरचा कप म्हणजे सहलीला गेलेल्या मुलांनी जिंकलेली वस्तू ठरते. कबड्डी आणि खो-खोला तर अजून पदकच नाही. आणि १९१२ ते १९४८ या काळात ऑलिंपिकमध्ये कवितेला, चित्राला, शिल्पाला पदकं दिली जात होती, हे चुकूनही बाहेर फुटू देऊ नका. आपल्याकडे कवी फार.

सरकारी पुरस्कारांचा उल्लेख झाला तर घसा खाकरून चहा सांगा. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ साली, त्याच वर्षी तो मॅन्युएल आरन यांना बुद्धिबळासाठी मिळाला. खेलरत्न हा देशातला सर्वोच्च क्रीडा पुरस्कार निघाला, तेव्हा १९९१-९२ चा पहिलाच मानकरी विश्वनाथन आनंद. एवढ्या मोठ्या देशात धावणारा, उडी मारणारा एकही माणूस त्यांच्या नजरेस पडला नाही काय? यावर उत्तर नाही, म्हणून चहा.

भारदस्त साक्षीदार हवाच असेल तर इंग्लंडला बोलवा. तिथे बुद्धिबळाला सरकारदरबारी खेळ म्हणून मान्यता नाही. तिथल्या ब्रिजवाल्यांनी आपला पत्त्यांचा डाव खेळ ठरावा म्हणून कोर्ट गाठलं. २०१५ मध्ये ते लंडनच्या उच्च न्यायालयात हरले. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानेही सांगितलं, की ज्यात शारीरिक भाग नगण्य आहे तो प्रकार करसवलतीसाठी खेळ धरता येणार नाही. खरं सांगायचं तर मला हा निकाल आपल्या देवळातल्या चर्चेपेक्षा प्रामाणिक वाटतो. निदान त्यांनी व्याख्या लिहून काढली आणि सगळ्यांना सारखी वाचून दाखवली. पण सभेत तो पूर्ण सांगू नका, कारण कोणीतरी विचारेल, "मगे कोर्टात गेले कित्याक?" आणि सांगावं लागेल, की स्पर्धांच्या प्रवेश फीवर कर भरायचा नव्हता म्हणून. पैसे द्यायची किंवा घ्यायची वेळ आली की व्याख्या निघते, हे एकदा गावाच्या लक्षात आलं तर आपलं पावती पुस्तकही तपासलं जाईल.

आपल्याकडे असे कोर्टाचे उपद्व्याप लागत नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला खेळाचा दर्जा जाहीर झाला. गोविंदांना खेळाडूंच्या पाच टक्के कोट्यातून सरकारी नोकरीची संधी मिळेल असंही सांगितलं गेलं. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली पोरं चिडली, पण डीजेच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. दहीहंडीत घाम आहे, ताकद आहे, हाडं मोडायची तयारी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी फक्त आवाजाकडे लक्ष वेधतोय.

कारण खरी कसोटी तीच, आणि ती सभेत बोलून दाखवायची नसते. आपल्याकडे खेळ ठरतो तो माईकवर. मळ्यातली प्रकाशझोतातली अंडरआर्म स्पर्धा डोळ्यांसमोर आणा. बांबूंना बांधलेले हॅलोजन, जनरेटरची घरघर, मोबाइलवरून सुरू असलेलं लाइव्ह, आणि समालोचक तर असा, की चेंडू सुटायच्या आधी षटकार सांगून मोकळा. चौकार गेला की कोणाकडून तरी एकावन्न रुपये. षटकाच्या मध्येच सामना थांबवून शाल-श्रीफळ, कारण पाहुण्यांना आणखी दोन गावं करायची असतात. फलंदाज तेवढा वेळ बॅट काखेत मारून उभा राहतो, त्याला सवय असते. टी-शर्टवर पाठीमागे देणगीदार, पुढे नेते, आणि चषकावर जागा उरलीच तर गावाचं नाव.

आता इथे बुद्धिबळ बसवून बघा. समालोचक काय बोलणार? "घोडा उचललेला आहे... अजून ठेवलेला नाही... विचार चालू आहे... मंडळी, तोवर वडापावच्या स्टॉलचा लाभ घ्यावा." डिसेंबर २०२१ मध्ये दुबईत कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा जगज्जेतेपदाचा सहावा डाव १३६ चालींचा झाला, पावणेआठ तास चालला. तेवढ्या वेळात आपले प्रमुख पाहुणे तीन उद्घाटनं, एक बारसं आणि एक पक्षप्रवेश उरकतात. शिवाय या लोकांचे नियम विचित्र. खेळाडूचा मोबाइल वाजला तर डाव गेला. हात लावला ती सोंगटी हलवावीच लागते, मागे घेता येत नाही. असल्या खेळाच्या उद्घाटनाला कोणता पुढारी येईल?

१ जून २०२५ ला नॉर्वेत गुकेशकडून हरल्यावर कार्लसनने टेबलावर मूठ आपटली आणि ती फीत जगभर फिरली. ज्यांना घोडा अडीच घरं जातो एवढंही माहीत नाही, त्यांनीही ती पुन्हा पुन्हा पाहिली. आधी कित्येक तास काय चाललं होतं ते कोणी विचारलं नाही. मुठीला आवाज होता.

इतकं करूनही शाळेच्या बाबतीत तुमचा नाइलाज आहे. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बुद्धिबळ आहे, तालुका-जिल्हा-विभाग-राज्य अशी रीतसर चढण आहे, दहावीला वाढीव गुणांची सोय आहे. त्यातून या स्पर्धा येतात नेमक्या पावसात. मैदानात गुडघाभर पाणी, खो-खोचा खांब शेवाळलेला, तेव्हा कोरड्या जागी होऊ शकणारा हाच एक प्रकार उरतो. सरळ विचार केला तर चार महिने पागोळ्या बघत बसणाऱ्या मुलखाने पडवीत पट मांडून बसायला हवं होतं. म्हणूनच सरळ विचार करू नका. स्पर्धा घ्या, पण कशी घ्यायची ते शिकून घ्या.

एका तालुका स्पर्धेचा नमुना देतो, तसाच वापरा. सातवीचा वर्ग, बाकं जोडून टेबलं केलेली. रेक्झिनचे पट दमटपणाने गुंडाळी व्हायला बघतात म्हणून चारही कोपऱ्यांवर कंपासपेट्या ठेवलेल्या. एका पटावर काळं प्यादं कमी, तिथे काजूची बी. घड्याळं नाहीत. पंच म्हणजे पीटीचे सर, आणि त्यांचा निम्मा जीव बाहेर पाऊस उघडतोय का यात. अर्धा तास झाला की शिट्टी, आणि ज्यांचे डाव चालू आहेत त्यांच्या सोंगट्या मोजायच्या: वजिराचे नऊ, हत्तीचे पाच, घोड्या-उंटाचे तीन, प्याद्याचा एक. सुटसुटीत. कोपऱ्यातल्या बाकावर एका मुलीने हत्ती देऊन समोरच्याचा राजा उघडा पाडलेला, वजीर त्याच्या दारात नेऊन उभा केलेला, आणि शिट्टी झाली. सरांनी बोट ठेवत मोजलं. काजूची बीसुद्धा धरली. मुलगी चार गुणांनी हरली.

"सर, पुढच्या चालीला मात आहे."

"पुढची चाल पुढच्या वर्षी."

सरांना दोष देऊ नका. त्यांच्याकडे कबड्डी, धावणे, गोळाफेक, पोषण आहाराची नोंद आणि मतदार यादी एवढं सगळं आहे, आणि बुद्धिबळात मात करायला कधी हत्तीही द्यायचा असतो हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. तिला मात्र समजावून सांगा, की बाळ, इथे द्यायचं नसतं, शिट्टी होईपर्यंत जमवून बसायचं असतं. आणि ती जिल्ह्याला गेलीच तर एसटीच्या भाड्याचा विषय मंडळासमोर आणू देऊ नका. तिथे घामाचा मुद्दा पुन्हा उपयोगी पडतो.

आता एक शेवटची खबरदारी. हे सगळं सांभाळताना आपली भूमिका लवचिक ठेवा. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकली, अंतिम फेरीत खुद्द हम्पीला हरवून, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली. वय एकोणीस. त्या संध्याकाळी बुद्धिबळ हा खेळ आहे की नाही असं महाराष्ट्रात एकानेही विचारलं नाही. नागपूर आपल्यापासून किती लांब, तरी आपल्या बाजारपेठेतल्या ग्रुपवर "आमची लेक" म्हणून फोटो फिरले. तेव्हा उद्या त्या कोपऱ्यातल्या बाकावरची मुलगी कुठे चुकून जिंकून आली, तर एका तासाच्या आत बुद्धिबळ हा आपल्या मातीतला खेळ झाला पाहिजे. मंडळाने तिला सुरुवातीपासून साथ दिली, हे वाक्य तयार ठेवा. घामाबद्दल बोललेल्या ज्येष्ठांच्या हस्ते सत्कार ठेवा, त्यांना आठवत नाही.

फ्लेक्स तिठ्यावर लावा. नेत्यांचे फोटो वर ओळीने, मंडळाचे पदाधिकारी खाली ओळीने, मधे ती, पासपोर्ट साइज. मागे इंटरनेटवरून उतरवलेला बुद्धिबळाचा पट असेलच, आणि तो बहुधा उलटा असेल. खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर असावं लागतं, तिथे काळं आलेलं असेल. ती मुलगी हे पहिल्या नजरेत ओळखेल आणि सत्काराला उभी असतानाच सांगेल. तिला म्हणा, छापून झालाय, तू समोरच्या बाजूने बघ. ती म्हणेल, समोरून बघितलं तरी कोपऱ्यात काळंच येतं. तेव्हा माईक तिच्या हातात आलेला नाही ना, एवढं तेवढं बघून घ्या.