पोटफोड्या ष

आजच्या कार्यक्रमातून मी मधेच उठून आले असते, पण शेजारी काका बसले होते आणि ते अगदी शांत होते. मग मलाही बसावं लागलं. घरी येऊन दोन तास झाले, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून इथे येऊन ओकतेय. लांबणार आहे, घाई असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

पुस्तक प्रकाशन होतं. कुणाचं ते विचारू नका, सांगणार नाही. विषय काय, तर ज्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही अशी माणसं. पुस्तक चांगलं आहे, हे दातओठ खात का होईना, कबूल करते. तर या पुस्तकाची तिन्ही प्रुफं माझ्या काकांनी वाचली. महिनाभर लाल पेन घेऊन बसले होते. हॉलच्या दारातच मी प्रत उचलली आणि आधी ऋणनिर्देशाचं पान काढलं. दीड पान आभार. मुखपृष्ठवाले आहेत, छापणारे आहेत, टाइप करणारी मुलगी आहे, लेखिकेची दोन मांजरं आहेत, तीही नावानिशी. मुद्रितशोधक नाही.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. राहतं एखादं नाव. पण मग एक वक्ते उभे राहिले आणि त्यांनी 'लिटल प्रिन्स' या छोट्या फ्रेंच पुस्तकातला कोल्हा काढला. तोच तो, जे खरं महत्त्वाचं ते डोळ्यांना दिसत नसतं, हृदयानं बघावं लागतं, असं सांगणारा. टाळ्या. लगेच "पडद्यामागच्या ज्ञात-अज्ञात हातांना" नमस्कार. पुन्हा टाळ्या. काकांनीसुद्धा वाजवल्या.

अहो, कसला पडदा? माणूस तिसऱ्या रांगेत बसलाय, पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून. पडदा लावला कुणी?

तेवढ्यात काका माझ्या कानाशी वाकले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, लागलं असेल मनाला. तर म्हणाले, "अगं, मागचा बॅनर बघ. पोटफोड्या ष घातलाय."

बघते तर व्यासपीठामागे हातभर उंचीच्या अक्षरांत 'अदृष्य'. आणि त्याखाली 'एक ह्रदयस्पर्शी दस्तऐवज'. अदृश्यही चुकलं आणि हृदयही चुकलं. ह ला ऋ लावला की हृदय होतं, ह ला र जोडला की ह्रद होतो, आणि ह्रद म्हणजे डोह, हे काकांनी मला शाळेत असताना सांगितलं होतं. "डोहाला स्पर्श करतायत, बुडू नयेत म्हणजे झालं," एवढं बोलून ते परत सरळ बसले. हॉलमधल्या इतक्या लोकांत ते दोन शब्द बहुधा एकट्या काकांना दिसले. आणि पुस्तकाच्या आत हेच दोन शब्द पानोपानी बरोबर छापलेत, कारण तिथे काकांची नजर फिरलीय. बरोबर छापलेला शब्द कुणाला दिसतो सांगा!

हो, हो, कळतं मला. प्रूफ वाचणाऱ्याचं काम दिसलं नाही म्हणजेच ते चांगलं झालं. पण काम दिसू नये आणि माणूसच दिसू नये, यात काही फरक आहे की नाही?

त्या कोल्ह्याबद्दल माझी जुनी तक्रार आहे. कोल्ह्याबद्दल नाही, त्याला कॉफीच्या मगांवर आणि भिंतींवर चिकटवणाऱ्यांबद्दल. ते वाक्य तो निरोपाच्या वेळी बोलतो. त्याआधी त्यानं राजपुत्राकडून काय काय करून घेतलंय ते कुणी सांगत नाही. आधी लांब गवतात बस. बोलू नकोस. रोज थोडं जवळ सरक. रोज ठरलेल्या वेळी ये, म्हणजे तू यायच्या आधीपासून मला आनंद व्हायला लागेल. एवढं सगळं झाल्यावर मग ते हृदयानं बघणं! आपण बसणं गाळलं, सरकणं गाळलं, वेळ पाळणं गाळलं आणि टाळीचं वाक्य तेवढं उचललं. डोळ्यांना दिसतच नाही म्हटलं की बघायचे कष्ट वाचले.

'लिटल प्रिन्स'च्या लेखकाचंच, सेंत-एक्झ्युपेरीचंच बघा ना. पुस्तक आलं १९४३ मध्ये, आणि ३१ जुलै १९४४ ला हा माणूस टेहळणीसाठी विमान घेऊन गेला तो परतलाच नाही. मार्सेयजवळच्या समुद्राच्या तळाशी एका पाणबुड्याला विमानाचे अवशेष दिसले २००० साली, आणि ते त्याचंच विमान याची खात्री पटली २००४ मध्ये. कशावरून? एका तुकड्यावरच्या क्रमांकावरून. कुणीतरी तो गंजका पत्रा डोळ्यांसमोर धरून आकडे वाचले म्हणून. काकांसारखंच कुणीतरी असणार.

एच. जी. वेल्सचा 'इनव्हिजिबल मॅन' (१८९७), प्रयोग करून अदृश्य झालेल्या माणसाची कादंबरी, मी शाळेत असताना वाचला तेव्हा धमाल वाटली होती. परवा पुन्हा वाचला तर पोटात खड्डा पडला. त्या ग्रिफिनला अदृश्य होऊन मिळतं काय? कपडे घातले तर ते दिसणार, म्हणून ऐन थंडीत उघडं फिरायचं. खाल्लेलं अंगात जिरेपर्यंत लोकांना दिसत राहणार. चिखलात पावलं उमटणार, कुत्री वास काढणार. पापण्यांतून आरपार उजेड येतो, म्हणून दिवसा झोपायचं तर तोंडावर चादर घ्यायची. आणि शेवटी तो दिसायला लागतो कधी, तर लोकांनी मारून टाकल्यावर. आधी शिरा, मग हाडं, मग कातडी, असा हळूहळू. तेव्हा मात्र सगळे गर्दी करून बघतात. (विज्ञानवाले म्हणतील की डोळ्याचा पडदा पारदर्शक झाला तर त्यावर प्रकाश अडणारच नाही, म्हणजे तो माणूस आंधळा व्हायला हवा. बरोबर आहे तुमचं. बसा खाली.)

आणि राल्फ एलिसन. १९५२ ची कादंबरी, नाव जवळपास तेच, पण त्यात रसायन नाही की प्रयोग नाही. अमेरिकेतला एक काळा माणूस सांगतोय की मी धडधाकट आहे, हाडामांसाचा आहे, लोकच मला बघायला तयार नाहीत. सबंध कादंबरीत त्याचं नाव येत नाही. तळघरात राहतो आणि तिथे त्यानं १,३६९ दिवे लावलेत, वीज चोरून. मला तो आकडाच चटका लावून जातो. मोजलेत त्यानं! त्याच्या दुःखाशी ऋणनिर्देशातल्या एका गाळलेल्या नावाची बरोबरी करणं हा आगाऊपणा आहे, मला माहितीय. पण बॅनरवरचं 'अदृष्य' बघत बसले होते तेव्हा तेच दिवे आठवत होते, त्याला मी काय करू?

लिहिता लिहिता जरा निवळलेय. आता ज्यासाठी खरं बसले होते ते लिहिते.

काकांकडे मी लहानपणापासून लिहिलेलं घेऊन जाते. निबंध, मग कविता (नका विचारू), मग लेख. शिवाय भांडणं, नोकरीची रडगाणी, सगळं. ते ऐकतात, कागद घेतात, लाल खुणा करून परत देतात. 'द हार्ट इज अ लोनली हंटर'मध्ये एक सिंगर आहे, ऐकू न येणारा, न बोलणारा. कार्सन मॅकलर्सनं तेविसाव्या वर्षी छापून आणलेली कादंबरी, १९४०. चार माणसं आळीपाळीनं त्याच्या खोलीवर येऊन मन मोकळं करतात. प्रत्येकाला वाटतं, मला समजून घेणारा हाच एक. त्या सिंगरचा जीव कुणात अडकलाय, हे चौघांपैकी एकालाही धड माहीत नसतं. तो जीव देतो तेव्हा चौघंही चक्रावतात. हे वाचून मी लेखिकेच्या धाडसाबद्दल दोन पानी लेख लिहिला होता. तपासायला कुणाकडे नेला असेन?

तर ती गोष्ट. एकदा त्यांच्या टेबलावर कुणाचं तरी प्रूफ पडलं होतं. समासात लाल खुणा होत्याच, पण एका ओळीशेजारी पेन्सिलचा बारीक ठिपका होता. मोहरीएवढा पण नाही. मी विचारलं, ही कसली खूण? काका जरा गडबडले. म्हणाले, "काही नाही, खोडायचं राहिलं." आणि खोडलं. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "वाक्य आवडलं की करतो. परत देताना काढून टाकतो. आपलं मत कुणी विचारलेलं नसतं."

आपलं मत कुणी विचारलेलं नसतं. मी "अच्छा" म्हटलं आणि माझं प्रमोशन हुकल्याचं पुराण लावलं. मी पण! आज वक्त्यांवर एवढी जळफळले, पण मी त्यांना इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलं का, की काका, तुम्हाला कुठली वाक्यं आवडतात? एवढे ठिपके केले असतील, एवढे खोडले असतील, एखादं वाक्य तरी पाठ असेल ना.

मघाशी माळ्यावरून माझे जुने कागद काढले. टेबललॅम्प आडवा करून एकेक पान तिरकं धरून बघितलं. बहुतेक पानांवर काहीच नाही. तीन ठिकाणी समासात कागद घासून पातळ झालाय, एका जागी तर बोट फिरवलं की कळतंय. ठिपका असेल. नाहीतर चुकून लागलेली लाल रेघ खोडली असेल. त्यातलं एक वाक्य तर मी पुढे काढूनच टाकलं होतं, उगाच वाटतंय असं कुणीतरी म्हणालं म्हणून.

उद्या सकाळी तीन पानं घेऊन जाणार आहे. "रबरचा डाग असेल," म्हणतील, लिहून ठेवा. काका फेसबुकवर नाहीत, म्हणून या पोस्टचीही प्रिंट काढलीय. डावीकडे समास मोठा सोडलाय. घरातलं खोडरबर मात्र सापडत नाहीये, आणि ते मी शोधणारही नाहीये.