चुंबक गिळला तर केळं? त्या फॉरवर्डला उत्तर

‘मुलांना चुंबक आणि स्थिर विद्युत शिकवा : शाळा सांगत नाही अशी ७ सत्ये’ या मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. वर हात जोडलेले, खाली गुलाबाचं फूल, मध्ये सात मुद्दे. आमच्या घरच्या ग्रुपवर तो वहिनींनी टाकला, कारण पुतण्याला शाळेत ‘न स्पर्शता काम करणारी बलं’ यावर प्रकल्प करायचा आहे. दोन ओळींचं उत्तर टाकून गप्प बसणार होतो. पाचवा मुद्दा वाचला आणि थेट फोन लावला. म्हणून क्रम सोडून पाचव्यापासूनच सुरुवात करतो. कुणाला इतकंच वाचून थांबायचं असेल तरी चालेल.

पाचवा मुद्दा असा : ‘मुलाने छोटा चुंबक गिळल्यास घाबरू नये. दोन पिकलेली केळी द्यावीत आणि पोटावरून मोठा चुंबक वरून खाली फिरवावा. आतला चुंबक आपोआप खाली सरकतो.’

कुठल्या डोक्यातून निघालं हे? आतडं म्हणजे सरळ नळी नव्हे. कित्येक फूट लांबीचं, वेटोळी घातलेलं ते प्रकरण आहे. मुलाने दोन चुंबक थोड्या अंतराने गिळले तर एक एका वेटोळ्यात असतो, दुसरा शेजारच्या. मधे आतड्याच्या दोन भिंती. स्पर्श न करता ओढण्याचा जो गुण आपण मुलांना कौतुकाने शिकवतो, तोच इथे जिवावर उठतो. भिंती मधे असल्या तरी चुंबक एकमेकांना ओढतात, भिंती चिमटीत सापडतात, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि आतड्याला भोक पडतं. वरून मोठा चुंबक फिरवलात तर तो आतल्याला आतड्यासकट ओढणार. आणि चुंबक काढायला भूल द्यावी लागली तर भरल्या पोटी ती देणं जास्त धोक्याचं असतं, म्हणजे केळ्यांनी डॉक्टरांचंच काम अवघड केलं.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची हकिगत यासाठी पुरेशी आहे. डाळीच्या दाण्याएवढ्या, अतिशय ताकदवान चुंबकी गोळ्यांच्या खेळण्यांवर त्यांनी २०१४ मध्ये नियम आणला. उत्पादक कोर्टात गेले, २०१६ मध्ये नियम रद्द झाला आणि गोळ्या पुन्हा बाजारात आल्या. २०१७ ते २०२१ या काळात तिथल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत चुंबक गिळल्याची वर्षाला सरासरी सुमारे २,४०० प्रकरणं आली, असा आयोगाचाच अंदाज आहे. मुलं दगावलीही. अखेर २०२२ मध्ये नवा नियम करावा लागला. चुंबक गिळणाऱ्यांत फक्त रांगती बाळं नव्हती. नाकात, जिभेवर खोटी रिंग म्हणून दोन्ही बाजूंनी गोळ्या लावणारी, चांगली जाणती मुलंही होती.

केळ्याची गोष्ट कुठून आली असेल ते कळतं. गिळलेलं नाणं किंवा मणी पुष्कळदा आपोआप बाहेर पडतो, आणि घरातली मोठी माणसं ‘केळं खा’ म्हणत आली आहेत. एकटा चुंबकही तसाच निघून जाऊ शकतो, हेही मान्य. पण तो एकटाच होता हे सांगणार कोण, चार वर्षांचं मूल? सुरुवातीला पोट दुखतं, उलटी होते, ‘वारा धरला असेल’ म्हणून ओवा चोळला जातो. काही मुलांना पहिल्या दिवशी काहीच होत नाही. तेव्हा चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलाला काही खायला न देता, उलटी काढायच्या भानगडीत न पडता, जिथे एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात न्यायचं. तसाच दुसरा चुंबक घरात असेल तर तो डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्यायचा.

आता चौथा मुद्दा. हा जीव घेणारा नाही, पण आमच्या घरी रडारड याच्यामुळे झाली. ‘कंगवा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरावा. जितके कपटे उचलले जातील तितकी मुलाची प्राणशक्ती आणि बुद्धी तीव्र.’ वहिनींनी दोन्ही मुलांची परीक्षा घेतली. थोरलीच्या कंगव्याला कपटे झोंबले, धाकट्याच्या कंगव्याकडे एकाने ढुंकून पाहिलं नाही. झालं! तो ‘ढ’ ठरला, तोही ताईसमोर.

मी फोनवर विचारलं, केसांना तेल कुणाच्या होतं? थोरलीने त्या दिवशी न्हाऊन केस पंख्याखाली वाळवले होते. धाकट्याचे केस खोबरेल लावून चापून बसवलेले. मग कपटे कसे उचलले जाणार? कोरड्या केसांवर प्लॅस्टिक घासलं की इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे जातात, बहुधा केसांकडून कंगव्याकडे. मधे तेलाचा थर आला की केस आणि प्लॅस्टिक यांची धड गाठच पडत नाही. हवेत दमटपणा असेल तर जमलेला विद्युत प्रभारही पृष्ठभागावरच्या ओलाव्यातून निसटतो. त्या हिशेबाने जुलै महिन्यात चिपळूण-रत्नागिरीची झाडून सगळी मुलं मतिमंद आणि डिसेंबरात नागपूरची सगळी प्रज्ञावंत ठरतील.

त्याच प्रयोगात बघण्यासारखं जे आहे त्याचा फॉरवर्डमध्ये पत्ताच नाही. कपट्यावर स्वतःचा प्रभार नसतो. कंगवा जवळ आला की कपट्यातले प्रभार किंचित सरकतात. विरुद्ध प्रभार कंगव्याच्या बाजूला येतो, सारखा प्रभार लांबच्या बाजूला जातो. जवळची ओढ लांबच्या ढकलण्यापेक्षा जास्त, म्हणून कपटा उडी मारून चिकटतो. मग जरा दम धरून बघा. एखादा कपटा चिकटल्यावर अचानक टुणकन उडून जातो. त्याने कंगव्याचाच प्रभार घेतलेला असतो, आणि सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. ओढणं आणि ढकलणं, दोन्ही एकाच कंगव्यावर. मुलं हे तासभर बघत बसतात, बुद्धी न मोजता.

दुसरा मुद्दा म्हणतो, ‘घासल्याने कंगव्याचा चुंबक होतो.’ नाही होत. हा घोळ विल्यम गिल्बर्ट नावाच्या इंग्रज वैद्याने १६०० साली निस्तरला आहे. घासलेला अंबर (झाडाच्या राळेचा दगडासारखा झालेला खडा) आणि चुंबक यांची ओढ वेगवेगळी, हे त्याने प्रयोग करून मांडलं. घरी पडताळायचं तर लोखंडी टाचणी, कागद आणि अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बारीक तुकडा घ्या. चुंबक फक्त टाचणी उचलेल. कंगवा कागद आणि फॉइल दोन्ही उचलेल. (स्टीलचा चमचा घेऊ नका. काही स्टीलना चुंबक चिकटतो, काहींना नाही, आणि प्रयोग बाजूला राहून वाद सुरू होतो.)

तिसरा : ‘चुंबकाची ओढ हवेतून जाते, हवा नसेल तर चुंबक निकामी.’ अवकाशातले अनेक उपग्रह आपली दिशा सांभाळायला विद्युतचुंबक वापरतात, तिथे हवा कुठली? पुढे.

पहिला मुद्दा सगळ्यांचा लाडका. पृथ्वी चुंबक आहे, रक्तात लोह आहे, म्हणून उत्तरेला डोकं करून झोपलं तर लोह मेंदूकडे ओढलं जातं आणि मुलाचं डोकं दुखतं. पहिली दोन विधानं खरी आहेत, नाइलाजाने कबूल. पण हिमोग्लोबिनमधलं लोह म्हणजे खिळा नव्हे, त्याच्यावर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो. मुंबईत वीजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर मोजमापं बिघडू नयेत म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली आणि १९०४ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होते आहे. आपल्या भागात ते साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला भरतं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोटेस्ला). नेहमीच्या एमआरआय यंत्रात १.५ टेस्ला असतं, म्हणजे तीस हजार पटींहून जास्त. त्यात माणूस अर्धा तास आडवा पडतो आणि रक्त जागच्या जागी वाहत राहतं.

हेही ताटलीत दाखवता येतं. सुई चुंबकावर एकाच दिशेने पंधरा-वीस वेळा घासा, थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवून पाण्यात सोडा. ती उत्तर-दक्षिण वळेल आणि तिथेच तरंगत राहील. उत्तरेच्या काठाकडे सरकणार नाही. सुईच्या दोन्ही टोकांवर पृथ्वी जवळपास सारखंच बल लावते, उलट दिशांनी, म्हणून सुई नुसती वळते. अख्खी सुई ओढली जात नाही, तिथे रक्ताचं काय घेऊन बसलात? झोपा हवं तिकडे डोकं करून.

सहावा मुद्दा चुंबकावर ठेवलेलं पाणी प्यायल्याने स्मरणशक्ती वाढते असा आहे. पाण्यावर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण की मोजायलाही खास व्यवस्था लागते, आणि चुंबक काढला की तोही उरत नाही. तांब्याखाली चुंबक ठेवा किंवा पोळपाट, पाणी पाणीच.

सातवा मुद्दा, ‘चुंबक आपटू नये, तापवू नये’, बरोबर आहे. सातांत एक.

वहिनींसाठी : प्रकल्प पावसाळ्यात द्यायचा असेल तर कंगवा सोडा आणि सुई-ताटलीचा प्रयोग करा, त्याला दमट हवेचं काही नाही. चुंबक पट्टीचा किंवा मुठीएवढा घ्या. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघून घ्या. आणि तुमच्या घरात जत्रेतून आणलेल्या त्या चकचकीत चुंबकी गोळ्या एकूण किती होत्या हे आठवत असेल तर आजच मोजा.